मडगार्डातलं मुसळ

नवरदेवाला आमच्या मोटरीतून मिरवू, असं मी जेवता जेवता सहज बोलून गेलो. भरीत झकास झालं होतं, आणि भरताच्या भरात माणूस काहीही बोलतो. पण आमच्या अन्नपूर्णेने ते वाक्य तिथल्या तिथे झेललं आणि तिच्या माहेरी, उंद्रीला, निरोप धाडला. तिच्या धाकट्या बहिणीचं, रुख्मिणीचं, लग्न होतं. चिखलीच्या तहसील कचेरीतल्या जवायाने मोटर घेतली, अन् नवरदेव तिच्यातूनच येणार, हे उंद्रीतल्या शेळ्या-मेंढ्यांनासुद्धा कळलं.

तिचंही खरं होतं. तिन्ही थोरल्या बहिणींच्या घरी वाडी, विहिरी, बैलजोड्या. ही एकटी कारकुनाची बायको. लग्नाला आठ दिवस आधीच माहेरी निघाली तेव्हा डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "आता बहिनीइसमोर माही मान वर होईन, अहो. तेवढं सांभाळजा." मी मान डोलवली. मान डोलवण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

मोटर म्हणजे एका रिटायर डॉक्टरची जुनी विलायती. तिच्या मापाचे टायर आता मिळत नव्हते, म्हणून खामगावच्या एका टायरवाल्याने भलत्याच मोटरीचे जाड टायर बसवून दिले होते. "शान दिसते साहेब," म्हणाला. मी एकटा बसलो की शान दिसायची. मागे कोणी बसलं की मोटर खाली दबायची आणि मडगार्डची आतली धार टायरवर घासायची. घर्र घर्र आवाज आणि जळक्या रबराचा वास.

लग्नाच्या दिवशी सकाळी चिखलीहून निघालो तेव्हा मागे पंचफुलामावशी होत्या. (सासूबाईंची बहीण. मानानेही भारी आणि वजनानेही.) वाटभर त्या नाकाला पदर लावून म्हणत होत्या, "जवाईबुवा, कोनाचं तरी दूध करपून राह्यलं हो!"

एकट्या मावशीने ही गत, तर संध्याकाळी नवरदेव, करवल्या आणि त्यांच्या मांडीवरची पोरंटोरं बसल्यावर टायर भर मिरवणुकीत फुटणार! अन् सोबत अन्नपूर्णेची मान.

यावर उपाय एका ड्रायव्हरने मला सांगून ठेवला होता. मडगार्डची आतली धार वर दुमडून टाकायची. त्यासाठी टायर आणि धार यांच्या मधात गोल लाकूड घालायचं अन् मोटर हळूहळू मागेपुढे ढकलायची. पोळी लाटावी तशी धार लाटली जाते. (ज्याने जन्मात पोळी लाटली नाही त्याने हे ऐकायलाच नको होतं.)

उंद्रीला पोचल्याबरोबर मी गोल लाकूड शोधायला लागलो. काठी बारीक, कुऱ्हाडीचा दांडा वाकडा. तेवढ्यात मांडवाच्या खांबाला टेकवलेली दोन मुसळं दिसली. पिवळ्या दोऱ्याने एकत्र बांधलेली, वर हळकुंड आणि आंब्याची पानं. घाण्याची मुसळं! हळदीच्या आधी सुवासिनी ही जोडी धरून, गाणी म्हणत, उखळात घाणा भरतात, मगच लग्नाचं पुढचं काम. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण बायकांची आंघोळ व्हायची होती. त्यातलं एक सोडून घेऊ, तेवढ्यात काम उरकून परत बांधून ठेवू, कोणाच्या बापाला कळतं? (पुढे सगळ्यांच्या बापांना कळलं.)

माझा साळा तुळशीराम मदतीला आला.

"भाऊजी, हे घान्याचं मुसळ होय ना?"

"गोल होय ना? मंग बस्स. ढकल."

मी स्टेअरिंगवर, तुळशीराम मागून. आणि काय सांगू, पहिल्याच ढकलण्यात धार खरोखर दुमडली! कारकुनी करताना हाताला असं यश कधी आलं नव्हतं. मी तिथेच थांबायला पाहिजे होतं.

"अजून थोडं, तुळशीराम!"

"भाऊजी, झालं ना आता."

"तुले काय समजते बे? लाव जोर!"

कर्रर्र! मुसळाच्या टोकाचं लोखंडी कडं धारेच्या वर गेलं आणि तिथेच फसलं. पुढे ढकललं तर मुसळ कुरकुरे, मागे ढकललं तर मडगार्ड.

आणि मांडवात बायकांनी घाण्याचं गाणं धरलं होतं, ते एकदम थांबलं.

"एक मुसळ कोठी गेलं वं?" सासूबाईंचा, म्हणजे मंजुळाबाईंचा, आवाज.

मी मोटरीला पाठ लावून उभा राहिलो आणि कपाशीचं यंदा कसं काय, असं विचारू लागलो. पण माझ्या मागे टायरवर आंब्याची पानं डुलत होती.

लग्नघरात जवायाला वाकडा शब्द बोलत नाहीत. त्यामुळे मला जे काही सुनवायचं होतं ते सगळं सासूबाईंनी तुळशीरामला सुनावलं. "तुले अक्कल हाय का बे? इतका शिकेल-सवरेल मानूस, हापिसात बसते, अन् घान्याचं मुसळ चाकात घालते?" (तुळशीराम चौथी नापास होता. हापिसात बसणारा कोण, ते सगळ्यांना कळलं.) तो बिचारा मान खाली घालून माझ्या वाटणीची बोलणी खात होता, अन् मी बाजूला मानाने उभा होतो. तुम्हाला सांगतो, त्यापेक्षा चार जोडे खाल्लेले बरे.

सासरे अर्जुनराव करवत घेऊन आले तर बायकांनी एकच गलका केला. "हयदीचं मुसळ कापता? पोरीचा संसार करायचा हाय का मोडायचा?" आत रुख्मिणी रडायला लागली. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला मनापासून वाटलं.

शेवटी पंचफुलामावशी पुढे आल्या. "या चाकात हवाच हाय ना? मंग सोडा ना ते हवा!"

तुळशीरामने हवा सोडली. फुस्स झालं, टायर बसला, मुसळ अलगद हातात आलं. बायका ते घेऊन गाणं म्हणत मांडवात गेल्या. मागे उरलो मी आणि बसकं चाक.

स्टेपनी चिखलीला होती, कारण डिकीत आहेराची भांडी भरली होती. सायकलचा पंप लागेना. चिखलीची एस.टी. निघून गेली होती. अन्नपूर्णा आली, चाकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"संध्याकाळी चालन ना हे?"

"पाहतो काहीतरी."

"पाहा," एवढंच म्हणाली. तिचा आवाज असा पडला होता की ती भांडली असती तरी मला परवडलं असतं.

मार्ग सासऱ्यांनीच काढला. "नवरदेव मोटरीत येईन असा व्याह्याले शब्द देला हाय. इंद्रभान, जुंप बैलं!"

घरच्या सालदार गड्याने, इंद्रभानने, मोटरीला बैलजोडी जुंपली. पाठीवर झुली, गळ्यात घुंगरं, शिंगांना गोंडे. मागे नवरदेव आणि करवल्या, पुढे मी कोट घालून स्टेअरिंग धरून. अख्खं गाव लोटलं. आणि एक सांगू? लाटलेल्या बाजूने टायर जराही घासला नाही. माझं काम चोख झालं होतं! पण हे सांगू कोणाला? दुसऱ्या बाजूने घर्र घर्र चालूच होतं.

मारुतीच्या देवळापाशी मिरवणूक थांबली. नवरदेवाची आई कौतुकाने तोंडाला पदर लावून अन्नपूर्णेला म्हणाली, "असी वरात तं कधीच पाह्यली नाही वं माय! मोटर कोनाची होय हे?"

मी स्टेअरिंगवर ताठ बसलो. टोपी सरळ केली. अन्नपूर्णेच्या तिन्ही थोरल्या बहिणी कान देऊन उभ्या होत्या. अन्नपूर्णेने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग मान चांगली वर केली.

"मोटरीचं काई मालूम नाही बाई," ती म्हणाली, "बैलं आमच्या बाबाचे आहेत."