बाई गेल्या

धुळ्याहून आलेला निरोप मगनच्या दुकानात वाचून देवचंद तायड्यांनी कपाळाला हात लावला. "बाई गेल्या" असं त्यांनी स्वतः टाइप करून कळवलं होतं, आणि तिकडून उत्तर आलं होतं, "परत कधी येतील?"

बाई म्हणजे त्यांची बायको लिलाबाई, नशिराबादच्या शाळेत मराठी शिकवायच्या. आदल्या वर्षी मगनने जळगावात इंटरनेटचं दुकान टाकलं आणि बाईंनी तिथे एक पान काढलं, 'शनिवारच्या शंका'. पोरांनी शंका लिहायच्या, शनिवारी बाईंनी उत्तरं द्यायची. मराठी अक्षरं तिथे धड उमटत नसत, म्हणून सगळी मराठी इंग्रजी अक्षरांत. बाईंना टायपिंग येत नव्हतं. देवचंद एसटीच्या डेपोत टंकलेखक. बाई सांगायच्या, हे बडवायचे. धुळ्याच्या एका अध्यापक विद्यालयाला ते पान सापडलं आणि तिकडच्या शाळांतल्या शंकाही येऊ लागल्या.

बाई पोरांना पडद्यावरसुद्धा रागवायच्या. "हे पुस्तकात आहे, आधी पुस्तक उघड, असं लिहा."

"अगं, इतकं लांबून विचारतंय लेकरू."

"मग लांबच्या लेकराला पुस्तक नसतं का? लिहा तुम्ही."

श्रावणात बाईंना कावीळ झाली आणि आठवड्याभरात सगळं संपलं. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले. पुढच्या शनिवारी डेपोतून सुटल्यावर देवचंदांचे पाय सवयीने मगनच्या दुकानाकडे वळले. पानावर एक ओळ थांबलेली होती : "बाई, उत्तर नाही दिलंत. रागावलात का?"

आता त्या पोराला काय सांगायचं? देवचंदांनी लिहिलं, "नाही रे." खाली नाव नेहमीचंच राहिलं, बाईंचं. मग त्याची शंका होती, तिचं उत्तर दिलं. एकाला दिलं म्हणून दुसऱ्यालाही द्यावं लागलं. बाईंचं व्याकरणाचं पुस्तक ते डब्याच्या पिशवीतून नेऊ लागले. दर शनिवारी तासभर बाई आपल्या शेजारी बसून सांगतायत असं वाटायचं, आणि तेवढ्यासाठी आठवडा निघायचा.

थंडीत धुळ्याहून आमंत्रण आलं. अध्यापक विद्यालयात बाईंनी येऊन शिक्षकांना सांगावं, वर्गात संगणक कसा वापरायचा. आता मात्र खरं सांगायलाच हवं होतं. देवचंदांनी 'बाई वारल्या' असं टाइप केलं, पुसलं, पुन्हा केलं, पुन्हा पुसलं. शेवटी 'बाई गेल्या' एवढंच हातून उतरलं. त्यावर "परत कधी येतील?" आलं. त्यांनी लिहिलं, "आता येणार नाहीत." धुळ्याला वाटलं, आमंत्रणात काही चुकलं. "बाईंचा राग आमच्यावर आहे का?" देवचंदांनी लिहिलं, "बाईंचा आता कोणावर राग नाही."

"मग हरकत नाही," उत्तर आलं. "रविवारी आम्हीच न्यायला येतो."

रविवारी जीप दारात उभी राहिली. आतून विद्यालयाचे प्राचार्य शालिग्राम चौधरी उतरले. हातात शाल आणि नारळ. देवचंद दूध आणायला गेले होते. शेजारच्या बेबाबाई ओट्यावर वांगी भाजत होत्या.

"तायडे बाई आहेत का?"

"बाई आते कोठे शे, भाऊ? त्या त गयात ना."

"हो, तसं कळलं. पण गेल्या कुठे?"

बेबाबाईंनी नुसतं बोट वर केलं.

चौधरी साहेबांनी माडीकडे पाहिलं. "असं होय! सावकाश उतरू द्या त्यांना. आम्ही थांबतो."

देवचंद दुधाची पिशवी घेऊन आले तेव्हा साहेब ओट्यावर बसून माडीच्या जिन्याकडे बघत होते. देवचंदांनी दार उघडलं. समोरच्या भिंतीवर हार घातलेला फोटो होता. साहेब उंबऱ्यातच थबकले. हातातल्या शालीचं काय करावं ते त्यांना कळेना. कधी ती या हातात, कधी त्या.

"तुम्ही... सांगितलं का नाहीत?"

"सांगत होतो, साहेब. हात पुढे जात नव्हता."

चहा झाला. साहेबांच्या मनात हिशेब चालला होता. "श्रावणात म्हणता. मग त्यानंतरची उत्तरं?"

"मी दिली."

साहेबांना वाटलं, या माणसाला थोडा धीर द्यावा. "खरं सांगू का तायडे? आमच्या शिक्षकांना तीच जास्त आवडली. किती प्रेमळ! आधी बाई जरा फारच रागवायच्या."

देवचंदांनी कपबशी खाली ठेवली. गेल्या कित्येक महिन्यांत ते कोणाशी चढ्या आवाजात बोलले नव्हते. "रागवायच्या म्हणजे? पोर शिकावं म्हणून रागवायच्या! मला येत नव्हतं म्हणून मी गोड बोलत होतो, साहेब. येत नसलं की माणूस गोडच बोलतो!" आणि बोलता बोलता त्यांना रडू कोसळलं. बाईंना नेलं त्या दिवशीही ते असे रडले नव्हते. ओट्यावर बेबाबाईंचं वांगं करपून गेलं, पण त्या उठल्या नाहीत. साहेबांनी शाल फोटोखाली ठेवली आणि ते निघून गेले.

पुढच्या शनिवारी देवचंदांनी पानावर लिहिलं, "तायडे बाई श्रावणात वारल्या. तेव्हापासून उत्तरं मी देत होतो. मी शिक्षक नाही. माफ करा. देवचंद."

त्यानंतर पान गप्पच झालं. शंका येईनात. देवचंद मात्र यायचे, बसायचे, उठायचे. मगन पैसे मागत नसे. मग एका शनिवारी धुळ्याच्या सातवीतल्या एका मुलीची ओळ दिसली. बाईंबद्दल दुःखाचा एकही शब्द नव्हता.

"सहामाहीच्या आधी मी 'राजवाडा'चा समास विचारला होता. द्वंद्व असं उत्तर आलं. मी तेच लिहिलं आणि माझा मार्क गेला. ते उत्तर बाईंनी दिलं होतं की तुम्ही?"

देवचंदांनी पिशवीतून बाईंचं पुस्तक काढलं. पान शोधून बोटाने ओळ धरली, दोनदा वाचली. मग सावकाश एकेक अक्षर बडवलं.

"मी. बाईंनी दिलं असतं तर तुझा मार्क गेला नसता."

त्यांनी खाली आणखी एक ओळ लिहिली.

"पण हे पुस्तकात आहे. तू पुस्तक का उघडलं नाहीस?"