काय दिवे लावले!

आप्पा गेले त्याच्या आदल्या दिवशी घरात एकच प्रश्न गाजत होता : बायडाबाईच्या शेळीने दिवे खाल्ले, त्याचं काय करायचं?

दिवे म्हणजे टेबललॅम्प. गेवराईतल्या एका बंद पडलेल्या हॉटेलाचे दोन लॅम्प आप्पांनी भंगारवाल्याकडून उचलून आणले होते. तलवाड्यात जन्मभर विहिरींवरच्या जळालेल्या मोटारींची वायंडिंग भरून देणाऱ्या माणसाला त्यांची वायर बदलणं म्हणजे चहा पिण्याइतकं सोपं. अडचण होती ती वरच्या फाटक्या टोप्यांची. त्यांच्या मुलीने, संस्कृतीने, संभाजीनगरात फ्लॅट घेतला होता आणि तिथे एक तरी दिवा आपल्या हातचा लागावा, असं त्यांच्या मनात होतं.

"जलमभर काय दिवे लावले ते दिसलंच," त्यांची बायको केसरबाई म्हणाल्या. "आता पोरीच्या घरात लावा."

तरी कणकेची खळ त्यांनीच शिजवून दिली. आप्पांनी सोनेरी वेलबुट्टीचा कागद आणला आणि खळ घट्ट धरावी म्हणून, बायकोची पाठ वळताच, तिच्यात गुळाचा खडा टाकला. टोप्या झकास झाल्या. वाळायला अंगणात ठेवल्या. शेजारच्या शेळीला गुळाचा वास आला.

आप्पा बाहेर आले तेव्हा एका टोपीची तार चेंगरून गेली होती आणि दुसरीची शेवटची सोनेरी वेल शेळीच्या ओठावर हलत होती.

"बायडे, शेळी आवर! लेकीचा दिवा खाल्ला तिनं!"

बायडाबाईने तारेकडे पाहिलं, शेळीकडे पाहिलं आणि कमरेवर हात ठेवले.

"आप्पा, कागदाला गूळ कावून लावला?"

"चिकटावा म्हनून."

"मग चिकटला की, तिच्या आतड्याला! त्यो सोनेरी रंग इखारी असंल. शेळीला काय झालं तर तुमी जबाबदार."

फिर्यादीचा आरोपी झाला. आप्पा मुकाट्याने शेळीजवळ बसले आणि मोटारीला लावायचे तसा तिच्या पोटाला कान लावला. बराच वेळ ऐकून म्हणाले, "बेरिंगा बरूबर हायेत."

त्या दिवशी घरात आणखी कुणाच्या छातीला कान लावावा, असं कुणाला सुचलं नाही.

"आप्पा, राहू द्या," सुट्टीला घरी आलेली संस्कृती म्हणाली. "मी ऑनलाइन मागवते."

"ऑनलाइनवाल्याला कशाची आलीय आपल्या घरची खळ?"

आता घरात कागद एकच उरला होता : कपाटावरचा लग्नपत्रिकांचा गठ्ठा. पत्रिकेवर गणपती असतो, म्हणून ती रद्दीत जात नाही. कुणी गोदावरीला गेलं की सोडायला द्यायची म्हणून ठेवतात आणि जाणारा ती न्यायला विसरतो. आप्पांनी गणपती नसलेली आतली पातळ गुलाबी पानं निवडली.

"छापलेली बाजू आत घालतो. कोनाला काय दिसतंय?"

या वेळी गूळ नव्हता आणि टोपी माळ्यावर वाळली. दिवेलागणीला आप्पांनी बटण दाबलं. गुलाबी उजेड पडला आणि त्या उजेडात टोपीवर उलटी अक्षरं उमटली. केसरबाईंनी कुंकवाचा आरसा आणून समोर धरला. आरशात वाचता आलं : 'आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं!'

केसरबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "लगनाचं नाव काढलं की पोरगी घर डोक्यावर घेती. आता दिव्यानंच आवतन दिलं!"

संस्कृतीही हसली. पण म्हणाली, "आप्पा, हा मी नेणार नाही. ऑफिसातले लोक घरी येतात."

"ऱ्हाऊ दे मग." आप्पांनी दिवा बंद केला. "बायडीला देतो. तिच्या शेळीनं चव घेतलीच हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा चहा उशाशी गार झाला. आप्पा उठलेच नाहीत.

तेराव्याची माणसं पांगल्यावर बायडाबाई दारात आली. मागे शेळी होती.

"केसरबाई, म्हनू का नगं कळंना. आप्पा त्याच सांजेला दारातून मला त्यो दिवा देतो म्हनले व्हते. त्यांच्या हातचा हाय, म्हनून इचारलं."

केसरबाईंनी मुलीकडे पाहिलं. शहरात राहायला गेल्यापासून संस्कृती घरात पुस्तकासारखं बोलायची.

"न्हाई मावशी," ती म्हणाली. "त्यो माझा हाय."

बायडाबाईने मान हलवली आणि शेळीला ओढत नेलं. शेळी वळून वळून माळ्याकडे बघत होती.

फ्लॅटवर पोचल्यावर संस्कृतीने पर्ससुद्धा न ठेवता दिव्याची पिन लावली. अक्षरं उमटली. एका कडेला खळीचा वाळलेला ओघळ होता, त्यात आप्पांच्या अंगठ्याचा ठसा. आरशाची गरज नव्हती, वाक्य पाठ होतं. ती दिव्यासमोर जमिनीवर बसली. घरात कुणी नव्हतं, तरी ती मोठ्याने म्हणाली,

"आप्पा, लई चांगले दिवे लावले तुमी."