घोंगडीखालची आपू

माझे अक्षर म्हणजे कोंबडीने अंगणात पाय ओढल्यासारखे, आणि शाळा चौथीपर्यंतच झाली. ऱ्हस्व-दीर्घ कुठे चुकले असेल तर सांभाळून घ्या. मला चारचौघांत बोलायला जमत नाही, म्हणून लिहिते. आणि आमच्या शेजारच्या मालूताईबद्दल कुणीतरी लिहायलाच हवे, कारण डिचोलीच्या मासळी बाजारात बर्फाच्या पेटीत पाय सोडून बसणारी दुसरी बाई मी तरी पाहिलेली नाही.

"गे मालू, काढ ते पाय!" मासेवाली ओरडायची. "गिऱ्हाईक म्हणतला, बांगड्याक माणसाचो वास येता."

मालूताईचे दात कडकडा वाजत असायचे. त्यातूनच ती म्हणायची, "थय असांच आसता."

थय म्हणजे तिथे. सरकारी इस्पितळात आयाचे काम करून मालूताई निवृत्त झाली आणि तिने एका संस्थेत नाव घातले. ती संस्था दूर ईशान्येकडच्या डोंगरात माणसे पाठवते. तिथली तरुण मुले कामाला शहरात गेलेली आणि म्हातारी माणसे मागे राहिलेली. त्यांचे करायला कुणी नाही. भाषा वेगळी, खाणे वेगळे, बर्फ पडतो. तिथे वर्षभर राहून त्या म्हाताऱ्यांची सेवा करायची, पगार नाही.

तेव्हापासून मालूताई इथे राहून थय राहू लागली. थय नारळ नाही म्हणून तिने नारळ सोडला. थय मासळी नाही म्हणून मासळी सोडली. गोव्यात राहून ही दोन्ही सोडलेल्या माणसाकडे लोक जसे बघतात, तसे लोक तिच्याकडे बघू लागले. उकडलेला मका आणि मीठ घातलेला पाला खायची. थय घराच्या मधोमध चूल असते आणि दिवसभर धूर कोंडतो, म्हणून एका सकाळी दारे-खिडक्या लावून तिने नारळाची ओली सोडणे पेटवली. कौलांतून धूर निघताना बघून माझे मिस्टर आणि आणखी दोघे घागरी घेऊन धावले. दार उघडले तर मालूताई मधोमध मांडी घालून, डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि तोंडाने, "थय असांच आसता."

माझ्या सासूबाईंना हे पटत नव्हते. "थय थय करता, ता थय खय म्हणे?" त्यांनी एकदा विचारले. मालूताईने उत्तरेकडे बोट दाखवले. आमच्या घरांच्या मागे उत्तरेला बंद पडलेली खाण आहे. ट्रक थांबले, माणसे गेली आणि खड्ड्यात पाणी भरले. हिरवे, खोल, त्यात आभाळसुद्धा नीट दिसत नाही. सासूबाईंनी त्या बोटाच्या दिशेने बघितले आणि पदर डोक्यावर घेतला. "ही वरच्या वाटेची तयारी करता, सुमते. तू तिच्या घरात जाव नको."

पण मला जावे लागले. कारण त्या संस्थेच्या पणजीच्या शिबिरातून मालूताई तोंड पाडून परत आली.

बर्फ, मका, धूर, सगळ्यात ती पास झाली होती. अडले दुसरीकडेच. शिबिराच्या मॅडम तिला म्हणाल्या होत्या, "मालूताई, तुम्ही देता छान. पण तुम्हाला घेता येत नाही. त्या डोंगरात घरातली म्हातारी पाहुण्याला पहिला घास आपल्या हाताने भरवते. तो घेतला नाही तर ती तुम्हाला आपल्या अंगाला हातसुद्धा लावू देणार नाही. शिबिरात तुम्ही कुणाच्या हातचे पाणीही प्यायला नाहीत. महिनाअखेरीस मी तुमच्या गावी येते. तोवर जमले तर जा, नाहीतर राहू दे."

हे खरेच होते. मालूताई कुणाच्या घरी पाणी पीत नसे. लग्नात पंगतीच्या पंगती वाढायची आणि न जेवता घरी जायची. माझ्या बाळंतपणात महिनाभर माझे तेल-पाणी केले, पण चहाचा कप पुढे केला की "आत्ताच घेतलंय गो" म्हणून उठायची. मला वाटायचे, मानी बाई आहे.

"तू माका मदत कर," ती म्हणाली. "तू बोलणस नाय, तूच बरी. तू थयची म्हातारी हो."

त्या म्हातारीचे नाव तिने आपू ठेवले. कुठून काढले कुणास ठाऊक. दुपारी मिस्टर मोपाला विमानतळावर ड्युटीला आणि पोरे शाळेत गेली की मी तिच्या मागच्या पडवीत पाटावर बसायचे. ती माझ्या डोक्यावरून काळी घोंगडी टाकायची. तोंड भिंतीकडे, पाठ खाणीकडे. बोलायचे नाही. मला काय हवे ते तिने ओळखायचे.

पहिल्या दिवशी माझ्या नाकाला खाज सुटली. मी नुसती चुळबुळ केली. मालूताईने पाणी दिले, पाय चेपले, पोट चोळले आणि शेवटी आतून इस्पितळातले शौचाचे भांडे आणून माझ्यासमोर ठेवले. घोंगडीखाली मी इतकी हसले की पाटावरून पडले. मालूताई हसली नाही. गंभीरपणे भांडे घेऊन गेली.

पण काही दिवसांनी मला हसू येईनासे झाले. घोंगडीखाली अंधार आणि लोकरीचा जुना वास. मालूताई केस विंचरायची तेव्हा माझे केस विरळ झाल्यासारखे वाटायचे. मागे खाणीच्या कडेवरून एखादा दगड सुटून पाण्यात पडायचा, आणि तो आवाज पलीकडच्या कड्याला लागून परत यायचा. माझा हात गुडघ्यावर कापत असायचा. मी थांबवायचे म्हटले तरी थांबत नसे.

आणि रोज सगळे करून झाले की जेवणाची थाळी यायची. मी घास उचलून पुढे केला की मालूताई उठायची. "फाल्यां, सुमते. फाल्यां बघया." फाल्यां म्हणजे उद्या, आणि दुसऱ्या दिवशीही फाल्यां. महिना संपत आला.

एका बुधवारी मला बाजारात जायचे होते, म्हणून मी येणार नाही असे सांगून ठेवले. दुपारी मागच्या वाटेने पिशव्या घेऊन येत होते. पडवीत नजर गेली आणि पाय जागीच थांबले.

घोंगडीखाली कुणीतरी बसले होते.

भिंतीकडे तोंड करून, अगदी मी बसायचे तसे. समोर मालूताई. थाळी मांडलेली. मालूताई हलक्या आवाजात बोलत होती, "आज माका घाई नाय. आज बसतंय. तू दी, मी खातंय." घोंगडी हलत नव्हती. खाली पाय दिसत नव्हते.

मी घरी कशी आले आठवत नाही. अंग फणफणले होते. सासूबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळल्या.

दुसऱ्या दिवशी मालूताईच मला बघायला आली. मी विचारले, "काल कोण होते?"

"आपू," ती सहज म्हणाली.

"आपू म्हणजे मी ना?"

ती माझ्या कपाळाला हात लावून बघू लागली. मग पेज प्यायली का, ताप उतरला का, असे विचारून निघून गेली.

मी आयुष्यात कधी कुणाला जाब विचारलेला नाही. पण शुक्रवारी दुपारी मी तिच्या पडवीत गेले. घोंगडी तशीच बसलेली होती. मालूताई चुलीपाशी होती. मी डोळे मिटले आणि घोंगडी ओढली.

पाटावर तांब्याची मोठी घागर पालथी घातलेली आणि तिच्यावर घडी केलेले एक जुने लुगडे.

"आयेचां," मालूताई मागून म्हणाली. मग खाली बसली आणि सांगू लागली. इतक्या वर्षांत ती एवढे सलग कधी बोलली नव्हती.

तिच्या आईला शेवटी भ्रम झाला होता. लेकीला ओळखत नसे, बोलणे गेले होते. एकच गोष्ट राहिली होती. जेवायला बसवले की स्वतः खायची नाही, घास करून मालूताईच्या तोंडाकडे धरायची. मालूताईला ड्युटीची घाई. आईचे हात कसेही माखलेले. "मागीर, आये, मागीर," म्हणत ती घास नंतरवर ढकलायची, हात बाजूला करायची, स्वतः आईला भरवायची आणि पळायची. एक दिवस ती ड्युटीवरून आली, तर आई भिंतीला टेकून बसलेली, अंग गार. उजवी मूठ घट्ट मिटलेली होती. शेजारच्या बायकांनी ती उघडली तेव्हा आत सुकलेला भात होता.

"तेव्हापासून कोणी काय पुढे केला की माका ती मूठच दिसता," मालूताई म्हणाली. "इतक्या लोकांचां केलंय, सुमते. आयेचो एक घास खावक माका टायम नव्हतो."

मी घागर उचलून बाजूला ठेवली, पाटावर बसले आणि घोंगडी डोक्यावरून घेतली.

थाळी तिथेच होती. मी चाचपून घास केला आणि हात घोंगडीबाहेर काढला. खरे सांगायचे तर तो मला माझा वाटत नव्हता. तशीच बसले. मागे एक दगड पाण्यात पडला. आवाज जाऊन परत आला. मालूताई उठल्याची चाहूल लागली, साडी सळसळली. गेली, असे मला वाटले. हात भरून आला तरी मी तो खाली घेतला नाही.

मग बोटांवर गरम श्वास आला. दात लागले. घास गेला.

बराच वेळ ती चावत होती. तेवढ्याशा मक्याला इतका वेळ कशाला लागावा? मग म्हणाली, "आये, मीठ कमी झालां."

मी दुसरा घास केला.

महिनाअखेरीला मॅडम मालूताईबरोबर आमच्या घरी आल्या. सासूबाईंनी त्यांना चहा आणि गरम पोई, आमचा कोंड्याचा पाव, दिली, आणि मालूताईसमोर रिवाज म्हणून उगाच कप ठेवला. मालूताईने तो बशीत ओतून भुरकून संपवला. सासूबाई उंबऱ्याशी उभ्या होत्या, त्यांच्या हातून ट्रे पडला. मॅडमनी फक्त विचारले, "स्वेटर आहे ना?"

मोपाला तिला सोडायला मी गेले होते. आत शिरताना मी माझी शाल तिच्या खांद्यावर टाकली. लग्नातली होती. नाही म्हणेल, परत करेल, नाहीतर बदल्यात हातातली बांगडी काढून देईल, म्हणून मी घाबरतच टाकली.

तिने शाल नीट गुंडाळून घेतली. "बरां," म्हणाली, आणि मला काहीही न देता निघून गेली.