गॅरेटच्या न झालेल्या मरणाचं सांत्वन

हॅडली क्रीकमध्ये घरापुढे 'विकणे आहे'ची पाटी लागली, की कोण गेलं एवढंच विचारायचं असतं. गावात बहुतेक म्हातारीच माणसं उरलेली. जिवंतपणी घर विकणार कोण, आणि विकून जाणार कुठे?

त्यामुळे घरमालक स्टेन्सनने सकाळी पाटी ठोकली आणि दुपारपर्यंत भाडेकरू मॅरिनाच्या स्वयंपाकघरात, सांत्वनाला आलेल्यांनी भाजून आणलेल्या बटाटे-चीजच्या कॅसरोलची भांडी ठेवायला जागा उरली नाही. नवरा गॅरेट पवनचक्क्यांच्या कामावर परराज्यात, कडेवर दीड वर्षांची पोर. त्यात शहरवाल्यांनी सुट्टीपुरती घरं घेऊन भाडी अशी चढवलेली, की हे घर सुटलं तर गावच सुटणार.

शेजारच्या आर्डिसआजींनी तिला छातीशी धरलं. "रडून घे पोरी. गॅरेट फार गुणाचा होता."

"होता म्हणजे? आजी, सकाळीच बोललाय तो माझ्याशी."

"सुरुवातीला असंच वाटतं. आमचे हे तर गेल्यावर महिनाभर बोलत होते. जिवंतपणी बोलले नाहीत तेवढं."

मॅरिनाने घसा बसेस्तोवर सांगून पाहिलं. पण निम्म्यांना ऐकू कमी येत होतं, आणि उरलेले "धक्का बसलाय बिचारीला" म्हणून माना हलवत होते. डेल्मरआजोबांनी तर चर्चमधलं गाणंही धरलं.

नेमका तेव्हाच स्टेन्सन शहरातल्या एका जोडप्याला घर दाखवायला घेऊन आला. काळे कपडे घातलेली दिवाणखानाभर मंडळी पाहून जोडपं उंबऱ्यातच थबकलं.

"वस्ती शांत आहे," स्टेन्सन म्हणाला.

"कोण गेलं?" गिऱ्हाईक बाईने दबक्या आवाजात विचारलं.

"या घरातला तरणाताठा मुलगा," आर्डिसआजी डोळे टिपत म्हणाल्या. "तळघरातला हीटर धूर ओकतो म्हणून किती सांगत होता बिचारा मालकाला."

जोडप्याने तळघर पाहिलं नाही. घरही पाहिलं नाही.

त्यांची गाडी वळताच स्टेन्सन मॅरिनावर उखडला. "हसतेस काय? नवरा धडधाकट आहे, सांग या लोकांना."

एरवी स्टेन्सनचा आवाज चढला की मॅरिना आधी माफी मागायची, मग कशाबद्दल ते शोधायची. आज तिने पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"सकाळपासून तेच सांगतेय. पण हीटर खरंच धूर ओकतो. आधी तो नीट करा. भाडं तेच राहील, आणि मी इथून हलणार नाही. काय करायचं ते करा."

"आणि आम्ही उद्याही येऊ," आर्डिसआजी म्हणाल्या. "दुःख काही एका दिवसात ओसरत नाही. तू गिऱ्हाइकं आणत राहा, स्टेन्सन."

स्टेन्सनने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. कुणाचेही डोळे ओले नव्हते. तो बाहेर गेला आणि पाटी उपटू लागला.

मॅरिना आजींकडे वळली. "म्हणजे तो जिवंत आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"न कळायला काय झालं? पण तुम्ही गेलात, तर गावातलं धाकटं लेकरू म्हणून डेल्मर मिरवणार. अडुसष्टचा आहे, आणि आत्ताच डोक्यावर बसतोय."