जेम्स देओमन यांचे दुर्मिळ प्राचीन तैलचित्र

कोणत्याही चित्राच्या थोरवीला मुख्य अडथळा असतो तो चित्रकाराचा. तो मेला की निम्मं काम होतं, आणि इंग्रज निघाला की उरलेलंही.

हे जाणूनच अमरावतीच्या वऱ्हाड कलावारसा समितीने (सदस्य अकरा, पैकी चित्र काढता येणारे शून्य) बाळापूरच्या किल्ल्याचं एक तैलचित्र शोधून काढलं. ते एका हॉटेलात भज्यांच्या कढईवर टांगलेलं होतं. कोपऱ्यात इंग्रजी सही होती : जे. देओमन. अध्यक्ष केशवरावांनी ती तीनदा वाचली आणि जेम्स देओमन हा दीडशे वर्षांपूर्वीचा इंग्रज चित्रकार जागीच जन्माला आला. चार महिन्यांत त्याचं चरित्रही तयार झालं.

तज्ज्ञांचा अहवाल छत्तीस पानांचा आहे. रंगावरचा तपकिरी थर म्हणजे काळाचा स्पर्श (भज्यांचा धूर अहवालाच्या कक्षेत येत नाही). किल्ल्याशेजारचा विजेचा खांब म्हणजे राणीच्या झेंड्याची काठी. तारा म्हणजे कॅनव्हासच्या भेगा. नदीकाठी गाठोडं घेऊन उभी असलेली बाई म्हणजे 'अज्ञात वऱ्हाडी स्त्री'. पितळी पाटीवर तसं कोरलंही.

समितीच्या नव्या दालनात चित्राच्या अनावरणाला बाळापूरचे निवृत्त चित्रकला शिक्षक देवमन जानराव पत्नीसह हजर झाले. आपल्याकडे 'देव' इंग्रजीत 'देओ' असाच लिहितात, हे अकराच्या अकरा सदस्यांना ठाऊक होतं. खुद्द अध्यक्षांचे साडू देवराव दारावर 'देओराव' लिहितात.

"साहेब, हे म्या काढलं," मास्तर म्हणाले. "अठ्ठ्याहत्तर साली. बाप जानराव, त्याचा 'जे' पयले, मंग माहं नाव. इंग्रजीत सही केली का तवा मोठं वाटे. पाटीवर तेवढं नाव टाका, दुसरं काई मांगत नाई."

त्यांच्या पत्नी दुर्गाबाई पाटी वाचून मागे वळल्या. "अज्ञात काहून लिवलं? मी तं इथंच उभी हाये."

समितीने म्हणणं सहानुभूतीने ऐकून घेतलं. "मास्तर, तुमचं जित्तं असनं हीच तं पंचाईत हाये," केशवराव कळवळून म्हणाले. चित्रकार हयात असेल तर चित्र प्राचीन नाही. चित्र प्राचीन नसेल तर दालन नाही. आणि दालन नसेल तर समिती कशाची? सबब ठराव झाला : अर्जदाराने चित्रकार मृत असल्याचा दाखला, मूळ प्रतीत, स्वतः हजर राहून सादर करावा. तोवर उभयतांना दालनात मोफत प्रवेश (सोमवारी बंद).

दोघं दर मंगळवारी एसटीने येतात. दुर्गाबाई चित्रातल्या दुर्गाबाईंसमोर उभ्या राहतात. चित्रातल्या बाईला त्रास होऊ नये म्हणून शिपाई त्यांना दोरीमागे सरकवतो. हे पाहून माझं तर डोकंच फिरतं.

वाचून आपणही हळहळला असाल. पण खरं सांगा, शीर्षक 'देवमन मास्तरांचं चित्र' असं असतं तर इथवर आला असता? मी आधी तेच दिलं होतं. घरातही कुणी वाचलं नाही. आपण थांबलात ते जेम्ससाठी.