मुख्यालय सोडल्याबाबत

देवळाली प्रवरा येथील व्यावसायिक महिला फुटबॉल क्लबच्या करारपत्रात चौदावा रकाना ‘पालकाची सही’ असा होता. करारपत्र एका शाळेच्या सहलीच्या अर्जावरून तयार केलेलं असल्यामुळे तो तसा असणं स्वाभाविकच होतं.

रुपाली सव्वीस वर्षांची. माहेर तिसगाव, सासर बेलापूर, मागच्या हंगामात एकोणीस गोल. आपण सज्ञान आहोत, ही बाब तिने क्लबचे अध्यक्ष नृसिंहराव यांच्या निदर्शनास आणून दिली. नृसिंहरावांनी त्याबद्दल तिचं अभिनंदन केलं. रकाना मात्र रिकामा ठेवता येत नाही, असं सांगितलं. नवरा पुण्याला कंपनीत. ‘दादांना विचार’ म्हणून त्याने फोन ठेवला. शेवटी सासऱ्यांनी, कारभारींनी, सही केली.

कारभारी सरळ माणूस. सही केली की जबाबदारी आली, हा त्यांचा शिरस्ता. ते रोज सरावाला येऊन बसू लागले. त्यांचं बघून बाकीचे एकवीस पालकही आले. एवढी माणसं नुसती बसलेली बरी दिसत नाहीत, म्हणून नृसिंहरावांनी त्यांचं ‘पालक सल्लागार मंडळ’ स्थापन केलं. आणि मंडळ म्हटलं की ठराव आलेच.

रुपाली आघाडीला खेळते म्हणजे काय करते, हे नीट समजावून सांगितल्यावर कारभारी खिन्न झाले.

“घरच्या सुनेनं असं पुढं पुढं करनं बरं दिसत न्हाई,” ते म्हणाले. “मागं राहून बी खेळता येतं की.”

रुपाली बचावफळीत गेली. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं, की सगळ्यांत शोभणारी जागा गोलरक्षकाची. हिंडणं नाही, फिरणं नाही, आपलं दार सांभाळायचं. बाविसाच्या बावीस पालकांनी आपापल्या मुली-सुनांसाठी तीच जागा मागितली. वाद वाढू नये म्हणून सामन्यात उतरणाऱ्या अकरा जणींपैकी प्रत्येकीला आठ मिनिटांची पाळी ठरली. उरलेल्या दहा जणींनी पाळी येईपर्यंत जवळपासच थांबायचं. प्रशिक्षिका निवेदिता मॅडमनी लेखी हरकत घेतली. तिच्यावर पालकाची सही नसल्याने ती विचारात घेता आली नाही.

पहिले तीन सामने गोलशून्य बरोबरीत सुटले. गोलपोस्टसमोर अकरा जणी उभ्या असल्यावर दुसरं काय होणार? मंडळाने शिस्तीबद्दल समाधान व्यक्त केलं. रुपाली घरी यायची तेव्हा तिचे पाय जराही दुखत नसत, आणि त्याचीच तिला लाज वाटायची.

चौथा सामना नगरला होता. पुन्हा बरोबरी झाली असती तर क्लब स्पर्धेबाहेर. शेवटची पाळी रुपालीची. चेंडू तिच्या हातात आला. तिने समोर पाहिलं. समोरच्या संघातल्या सगळ्या जणी कंटाळून इकडेच येऊन उभ्या होत्या. पलीकडचं अर्धं मैदान मोकळं पडलं होतं. तिने चेंडू खाली टाकला आणि धावत सुटली. मागून हाका आल्या असतील, तिला त्या ऐकू आल्या नाहीत.

गोल झाला तेव्हा कारभारी खुर्चीवर उभे राहून टाळ्या वाजवत होते. आपण काय करतोय हे लक्षात येताच ते खाली बसले आणि त्यांनी मंडळाची तातडीची बैठक बोलावली.

परवानगीशिवाय मुख्यालय सोडल्याबाबत रुपालीला कारणे दाखवा नोटीस निघाली. कारभारींनीच ती घरी आणून दिली आणि पोच घेतली. रुपालीने स्वयंपाकघरातल्या ओट्यावर कागद ठेवून एका ओळीत खुलासा लिहिला: ‘गोल तिकडे होता.’

कारभारींनी तो दोनदा वाचला.

“खोटं न्हाई लिव्हलं,” ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी प्रकरण दप्तरी दाखल करण्याचा ठराव त्यांनी स्वतःच मांडला. रुपाली पुन्हा आघाडीला गेली. गोल करण्यास मंडळाची हरकत नाही, मात्र गोल झाल्यावर तसे लेखी कळवावे, एवढीच अट राहिली. त्या हंगामात तिने तेवीस वेळा कळवलं.

आता जिल्ह्यात तिचं नाव घरोघरी आहे. आडनाव मात्र आम्ही इथे मुद्दामच दिलेलं नाही. मघापासून तुम्ही ते शोधताय, हे आम्हाला माहीत आहे. कुठली, कुणाची, कुणापैकी, हे एकदा कळलं की तुम्हालाही टाळ्या वाजवायच्या की नाही ते ठरवता येईल.