कारभारींचा थर्मोस्टॅट

"दाजी, तुमचं डबडं पिशोरपर्यंत टिकायचं नाय. जीप पाठवतो," असं आप्पासाहेब फोनवर म्हणाले आणि कारभारींचा पारा चढला. मेव्हण्याच्या वास्तुशांतीला जावयानं मेव्हण्याच्याच जीपमधून उतरायचं? मग सासुरवाडीत इज्जत ती काय राहिली!

"उद्या माझ्याच गाडीनं येतो!" त्यांनी ठणकावलं.

गाडीखाली मात्र इंजिन गार ठेवणाऱ्या हिरव्या कूलंटचं थारोळं साचलं होतं. त्या कूलंटची वाट उघडझाप करणाऱ्या थर्मोस्टॅटवरच्या झाकणाच्या कडेनं गळत होतं. वाळूजच्या कारखान्यात कारभारींनी तीस वर्षं तपासणी खात्यात काढलेली. केसाएवढी खोट दिसली तरी ते दुसऱ्यांचा माल परत पाठवत. असा माणूस मेकॅनिकच्या दारात कसा जाईल? त्यांनी नवा थर्मोस्टॅट आणला, बोल्ट खोलून जुना फेकला, नवा बसवला, कूलंट भरलं. इंजिन तापलं आणि टपकन थेंब पडला.

त्यांनी बोल्ट आवळले. थेंबाची धार झाली.

"नवा मालच खोटा!" कारभारींनी निकाल दिला.

"अहो, नुसतं आवळून काय व्हतंय?" ओट्यावर शेंगा निवडणाऱ्या त्यांच्या पत्नी आशाबाई म्हणाल्या. "झाकणाखालची जुनी रबरी रिंग काढली का?"

"रिंग नव्यासंगंच येती. तुला काय कळतंय त्यातलं?"

इंजिन गार झाल्यावर झाकण पुन्हा उघडलं. आशाबाईंनी खोबणीत नख घातलं आणि एक मळकट, चपटी रिंग ओढून काढली. नवी रिंग या जुन्या रिंगेवरच बसली होती.

"कुकरला दोन रिंगा लावल्या तर वाफ कडंनंच जाणार की. घ्या, तपासा."

कारभारींनी ती न तपासताच खिशात घातली आणि एकट्या नव्या रिंगेवर झाकण बसवलं.

दुसऱ्या दिवशी पिशोरपर्यंत तापमानाचा काटा जागचा हलला नाही. कारभारी हॉर्न वाजवत दारात उतरले. आप्पासाहेबांनी वाकून गाडीखाली हात फिरवला. ठणठणीत कोरडं!

"मानलं दाजी! दुरुस्त कुणी केली?"

मांडवातली सगळी सासुरवाडी ऐकत होती. 'मी' अगदी ओठांवर आलं होतं. कारभारींनी शेजारी उभ्या आशाबाईंकडे पाहिलं आणि तो 'मी' गिळला.

"तुमच्या अक्कानं," ते म्हणाले. "मी जुन्या रिंगंवरच नवी लावली व्हती."

पुरुष मंडळी खो खो हसली. "दाजी लई मोठ्या मनाचे! बायकूला मान देत्यात," आप्पासाहेब म्हणाले.

पण आप्पासाहेबांची बायको पुरणाचं पातेलं घेऊन जागीच थांबली. "दोन रिंगा? मग गळणारच की!"

"तर काय!" मागच्या साऱ्या जणी एका सुरात म्हणाल्या आणि आशाबाईंना मानानं आत घेऊन गेल्या.

आप्पासाहेबांनी डोकं खाजवलं. "म्हंजी, नेमकं झालं काय दाजी?"

कारभारींची छाती फुगली. "ते तुम्हाला नाय कळायचं. आत जाऊन इचारा."